खांद्यावरची चार अक्षरं

१४ जानेवारी

सिग्नेचं लग्न ऑगस्टमध्ये ठरलं. यस्परच्या, म्हणजे होणाऱ्या जावयाच्या, गावच्या चर्चमध्ये, आणि जेवण तिथल्याच जुन्या सराईत. हे सांगायला तिचा फोन आला तेव्हा मला खरोखर आनंद झाला. मग ती म्हणाली, "आई, बाबा येणार म्हणजे त्याची बायकोही येणार. एकालाच बोलावता येत नाही मला."

मी म्हटलं, बरं. फोन ठेवला आणि बेसिनमधले दोन कप फोडले.

त्या बाईचं नाव मी इथे लिहिणार नाही. माझा तेव्हाचा नवरा प्रेबेन चीनमध्ये पवनचक्क्या उभारायला गेला, काही वर्षं सुट्टीपुरता घरी येत राहिला आणि एका शुक्रवारी दारातच बॅग ठेवून म्हणाला की तिथे त्याला समजून घेणारं कुणीतरी भेटलंय. मग इतकी वर्षं मी काय करत होते? त्याचे मोजे शोधत होते. आता ती दोघं इथे डेन्मार्कमध्येच, ऑर्हुसला राहतात, आमच्या आल्बोर्गपासून गाडीने फार लांब नाही. मी तिला पाहिलेलं नाही, तिने मला पाहिलेलं नाही. ऑगस्टमध्ये पाहील, आणि असं पाहील की जन्मभर विसरणार नाही.

कसं, ते अजून सुचलेलं नाही.

१७ जानेवारी

सिग्नेचा पुन्हा फोन. तिला माझा स्वभाव माहीत आहे. "एक शब्द जरी वाकडा बोललीस ना आई, माझ्या लग्नात, तर मी तुला कधीच माफ करणार नाही." मी वचन दिलं: एक शब्द बोलणार नाही.

वचन दिल्यावर मला फार रडू आलं. तोंडसुद्धा माझं राहिलं नाही.

२३ जानेवारी

सुचलं.

तलावावर सकाळच्या वर्गाला एक नवी मुलगी आली होती. (पोहण्याच्या तलावावर मी म्हाताऱ्या बायकांना पाण्यातले व्यायाम शिकवते, पण मध्येच एखादी तरणीही येते, पाठ दुखतेय म्हणून.) तिच्या मानेवर दोन चिनी अक्षरं गोंदलेली होती. मी अर्थ विचारला. म्हणाली, "धैर्य. म्हणजे, तसं सांगितलं होतं मला." आमच्या सगळ्या बायका पाण्यात गोल करून तिची मान बघत होत्या आणि एकीलाही काही कळत नव्हतं. वाचता येणारं कुणी त्या इमारतीतच नव्हतं.

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सिग्नेच्या लग्नात शंभरेक माणसं असतील. त्यांतल्या एकाच बाईला चिनी वाचता येईल. मी बिनबाह्यांचा ड्रेस घालीन. बोलणार एक शब्द नाही. वचन म्हणजे वचन.

२९ जानेवारी

आस्गरच्या गोंदणाच्या दुकानात गेले, खाडीकाठी. तो आधी जहाजं रंगवायचा, आता माणसं रंगवतो. त्याच्या स्वतःच्या अंगावर मोकळी जागा म्हणून नाही. भिंतीवर चिनी अक्षरांचा एक मोठा तक्ता लावलाय: प्रेम, शक्ती, शांती, वाघ. म्हणाला, हा तक्ता दोन वर्षं उलटा लटकत होता, एका गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही.

मला काय हवंय ते मी त्याला सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की तक्त्यातलं नको, माझं स्वतःचं वाक्य आहे. तो म्हणाला, "बोडिल, ज्याला वाचता येतं अशा माणसाकडून लिहून आण. माझी सुई काय, सांगाल ते काढेल. पुसायला मात्र मी नाही."

८ फेब्रुवारी

संध्याकाळच्या शाळेत चिनी भाषेच्या वर्गाला नाव घातलं. वर्गात आम्ही सातजण. शिकवणाऱ्या शाओबाई सत्तरीच्या आहेत. मूळच्या चीनमधल्या तिआनजिनच्या, पण डेन्मार्कमध्ये येऊन इतकी वर्षं झाली की हवेबद्दल आमच्यापेक्षा जास्त कुरकुरतात. लग्न इथल्या मास्तराशी केलं होतं. तो गेल्यावर परत का गेला नाहीत, असं कुणीतरी विचारलं. म्हणाल्या, "तिकडे आता मला कोण भांडायला आहे?"

आवडल्या मला.

वही भरून 'एक, दोन, तीन' काढलं. 'एक' म्हणजे नुसती आडवी रेघ. एवढं तर मला जमतं.

२२ फेब्रुवारी

वर्ग सुटल्यावर थांबले आणि शाओबाईंना सगळं सांगितलं. प्रेबेन, ती, लग्न, खांदा. वाटलं होतं, हाकलून देतील. त्यांनी थर्मासमधला चहा ओतला, मला दिला आणि विचारलं, "कुठला शब्द मनात आहे?"

मी म्हटलं, "चोर."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आमच्याकडे फार पूर्वी गुन्हेगाराच्या तोंडावर त्याचा गुन्हा गोंदवायचे. ज्याच्या अंगावर 'चोर', तो चोर. तुझा खांदा बघून ती विचारेल, ह्या बाईने काय चोरलं बरं?"

अंगाचा तिळपापड झाला माझा. पण बाईंचं म्हणणं खोटं नाही. दुसरं काहीतरी शोधायला हवं.

१५ मार्च

आजवर बाईंनी मोडीत काढलेली वाक्यं:

'लाज कशी वाटली नाही?' (लांबलचक होईल, दंडाला गुंडाळावं लागेल.) 'मी काही विसरलेले नाही.' ("परीक्षेला बसलेल्या पोरीच्या अंगावर शोभेल.") 'घे त्याला, तुलाच लखलाभ.' हे मला फार आवडलं होतं. बाई म्हणाल्या, हे वाचून ती आभार मानेल.

मी चिडून म्हटलं, तुम्ही तिच्या बाजूच्या आहात, शेवटी आपलं माणूस. त्या म्हणाल्या, "मी चांगल्या वाक्याच्या बाजूची आहे."

सिग्ने शनिवारी ड्रेस बघायला बोलावत होती. गेले नाही, शनिवारी मी अक्षरांचा सराव करते. यस्परची आई गेली तिच्याबरोबर. फोनवर सिग्ने जरा गप्प वाटली. दमली असेल.

१० एप्रिल

प्रेबेनचा फोन. किती दिवसांनी. आवाज तसाच, तुपात घोळलेला. म्हणाला, "बोडिल, आपण मोठी माणसं आहोत. त्या दिवशी सगळं नीट पार पडावं." पहिलं भाषण तो करणार, वधूचा बाप म्हणून. त्यात चिनीमध्ये चार ओळी म्हणणार आहे. "तिकडचे लोक म्हणतात, डोळे मिटून ऐकलं तर मी तिथलाच वाटतो."

हे ऐकून मला पूर्वीसारखंच वाटलं, की हा किती हुशार आहे. त्याचाच राग जास्त आला.

मी त्याला माझ्या वर्गाबद्दल काही बोलले नाही.

३ मे

वाक्य मिळालं.

आज बाईंनी माझी वही बंद केली आणि म्हणाल्या, "शिव्या पुरे झाल्या. तुला तिला सांगायचंय काय? साध्या भाषेत सांग."

मी विचार केला. म्हटलं, "त्याने माझं जे केलं, तेच एक दिवस तिचं करणार. तिला वाटतंय ती वेगळी आहे. ती वेगळी नाही."

बाईंनी कागदावर चार अक्षरं लिहिली. एकेकाखाली बोट ठेवून अर्थ सांगितला: तू. ही. एक. सारखी. म्हणजे, तूही अशीच. तुझीही हीच गत.

तिसरं अक्षर माझी ती आडवी रेघ. माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. शिवी नाही, आरडाओरडा नाही. नुसता शाप, आणि तोही सभ्य. मी बाईंना विचारलं, तिला कळेल ना? त्या म्हणाल्या, कळेल. रोजच्या बोलण्यातले शब्द आहेत, कुठेही चालतात. मग थर्मासचं झाकण लावता लावता म्हणाल्या, "अंगावर लिहिलेलं कुणालाही उद्देशून असू शकतं, एवढं लक्षात ठेव."

मी ठेवते लक्षात. उद्देश काय तो मला ठाऊक आहे.

१९ जून

झालं. आस्गरने उजव्या खांद्यावर काढलं, मागून दंडाकडे उतरत येणारं. हाडावर सुई आली की डोळ्यांतून पाणी येत होतं. तो म्हणाला, थांबू का? मी म्हटलं, अजिबात नको. प्रत्येक टोचणीला मी मनात त्या दोघांना आठवत होते, त्यामुळे वेळ कसा गेला कळलं नाही.

काही आठवडे पाण्यात उतरायचं नाही. काठावर उभी राहून वर्ग घेतेय. म्हाताऱ्यांनी विचारून भंडावलं. 'आनंद' असं लिहिलंय म्हणून सांगितलं. एमीलिए आजी म्हणाली, "मग सांगताना एवढे दात का आवळतेस?"

३० जून

आज सिग्ने न सांगता आली, स्ट्रॉबेऱ्या घेऊन. मी बागेत बनियनवर होते. तिने खांदा पाहिला.

मला वाटलं, संपलं. मग म्हणाली, "आई, हे लग्नासाठी केलंस?"

मी हो म्हटलं. खोटं नव्हतं ते.

"काय लिहिलंय?"

आणि मला काय सुचावं! मी म्हटलं, "माझी मुलगी, माझं मन."

सिग्ने लहानपणापासून रडकी नाही. पडली, खरचटलं, तरी ओठ दाबून उभी राहायची. आज ती बागेतल्या खुर्चीत बसली आणि हुंदके देऊन रडली. म्हणाली, तिला वाटत होतं मला तिच्या लग्नाशी काही घेणंदेणंच नाही. मला वाटलं, काय हे, मी तर जानेवारीपासून दुसऱ्या कशाचा विचारच केलेला नाही.

तिला जवळ घेतलं. खांद्याला लागलं, पण बोलले नाही. तसं बरंच झालं म्हणायचं. आता ड्रेसला बाह्या लाव, असं ती म्हणणार नाही.

१९ ऑगस्ट

काल लग्न झालं. सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर विसरेन.

चर्चमध्ये ती मागे बसली होती, प्रेबेनशेजारी. चाळिशीची असेल. मला वाटलं होतं, बाहुलीसारखी असेल. तशी नाही. आखूड केस, चश्मा, करडा सूट. एखाद्या बँकेची अधिकारी वाटावी. मी मुद्दाम बाजूच्या वाटेने फिरले, खांदा तिच्याकडे करून. तिने पाहिलं. वाचलं. मला तिचे ओठ हललेले दिसले. मग तिने मान खाली घातली. तो क्षण मी कितीतरी वेळ मिटक्या मारत चाखला. पाद्री काय बोलला, मला एक अक्षर आठवत नाही.

जेवताना प्रेबेनचं भाषण. छानच बोलतो मेला. त्याच्या चार चिनी ओळींना टाळ्या पडल्या. तो बसणार एवढ्यात सिग्ने उभी राहिली. गाल लाल झाले होते तिचे. म्हणाली, "बाबा, थांब. आईने आजच्या दिवसासाठी खांद्यावर काय लिहून घेतलंय, ते सगळ्यांना वाचून दाखव. चिनीतच वाच आधी." आणि सगळ्यांकडे वळून म्हणाली, "ते माझ्याबद्दल आहे."

मी खांद्यावर ओढून घ्यायला काहीतरी शोधू लागले.

इतके महिने मी डोळ्यांच्या एकाच जोडीचा विचार केला होता. प्रेबेनलाही वाचता येतं, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. तो चश्मा लावून माझ्या मागे आला. त्याचा श्वास मानेवर लागत होता. मी म्हटलं, आता हा वाचणार, आणि माझी पोर एवढ्या माणसांसमोर उभी आहे.

त्याने घसा साफ केला आणि मोठ्या थाटात काहीतरी म्हटलं. त्यात माझ्या चार अक्षरांतलं एकही नव्हतं. सहा महिने वर्गात घासल्यावर एवढं मलाही कळतं. मग आमच्या भाषेत म्हणाला, "माझी मुलगी, माझं मन. खरंच, फार जुनी, फार सुंदर ओळ आहे ही." सिग्नेने त्याला आधीच अर्थ सांगून ठेवला असणार. त्याला वाचताच येत नाही! एवढी वर्षं तिकडे राहून! मला हसू फुटायच्या बेतात होतं.

तेवढ्यात यस्परची आजी, नव्वदीची आहे, टेबलाच्या त्या टोकावरून म्हणाली, "आता त्यांची बायको वाचू दे. तिच्या तोंडून कसं वाटतं ते ऐकू."

ती उठली. टेबलाला वळसा घालून आली. सगळे काटेचमचे थांबले होते. मी समोर पाहत होते, सिग्नेकडे, आणि सिग्ने हसत होती. मी आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नसेल इतकं त्या बाईकडे मनातून मागितलं, आणि ते मागावं लागतंय म्हणून तिचा अजूनच द्वेष केला.

तिने चार अक्षरं वाचली. सावकाश, बरोबर. मग मोडक्यातोडक्या डॅनिशमध्ये म्हणाली, "हो. तेच लिहिलंय. माझी मुलगी, माझं मन."

टाळ्या. लोकांनी ताटं वाजवली, आणि आमच्या रीतीप्रमाणे नवरानवरी खुर्चीवर चढून चुंबन घेऊ लागली. ती जागेवर जाऊन बसली. माझ्याकडे बघितलं नाही तिने. प्रेबेनकडे बघत राहिली, कितीतरी वेळ, जणू तोच एखादा न कळणारा मजकूर आहे.

घाबरली, असं मला तेव्हा वाटलं.

नंतर कॉफीच्या वेळी कोट ठेवायच्या बोळात ती माझ्या मागोमाग आली. इंग्रजीत बोलली, जपून, मोठ्या माणसाशी बोलतात तशी.

"तुम्हाला एक विचारू? हा शाप आहे की सदिच्छा? आमच्याकडे कुणी 'सुखी राहा' म्हटलं, तर उलट हेच म्हणतात. तुम्हीही."

बाईंनी मला हे सांगितलं नव्हतं! मी म्हटलं, "शाप आहे."

तिने मान हलवली. "वाटलंच."

मी जायला निघाले तर म्हणाली, "आम्ही भेटलो तेव्हा त्याने सांगितलं होतं की बायकोला सोडून दोन वर्षं झाली." आणि तिने वर्ष सांगितलं.

त्या वर्षी मे महिन्यात आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती. शेजाऱ्यांनी पहाटे दाराला पानांची कमान बांधली, रस्त्यात उभं राहून गाणी म्हटली, आणि प्रेबेनने पायजम्यावरच सगळ्यांसमोर मला मिठी मारली. रडलाही होता. मी हे तिला सांगितलं. का सांगितलं, माहीत नाही.

ती म्हणाली, "मे महिन्यात तो घरी आला होता, कारण त्याचे वडील मरायला टेकले होते."

"त्याचे वडील सिग्ने शाळेत जायच्या आधीच वारले."

आम्ही दोघी त्या कोटांमध्ये उभ्या होतो. मग ती म्हणाली, "आज तो किती सहज खोटं वाचून मोकळा झाला, पाहिलंत? वाचता येणारी मी तिथेच बसलेली असताना." तिने आपला कोट काढून घेतला आणि ती गाडीत जाऊन बसली. प्रेबेन बराच वेळ नाचत होता.

तिचं नाव चिंगवेन आहे. एवढं लिहायला हरकत नाही.

२७ सप्टेंबर

लागला! शाप लागला!

चिंगवेन त्याला सोडून गेली. ऑर्हुसमध्येच वेगळी खोली घेतलीय. सिग्ने सांगताना रडवेली झाली होती, बाबा एकटा पडलाय, नुसता पाव आणि लिव्हरची पेस्ट खाऊन राहतोय. मी म्हटलं, अरेरे. फोन ठेवून बंदरावर गेले, कोळंबीचं मोठं ओपन सँडविच घेतलं आणि त्याच्यावर वाइन.

आता नीट लिहायचं तर, शापाप्रमाणे त्याने तिला टाकायला हवं होतं. इथे तिने त्याला टाकलंय. पण मी त्यात खोट काढत बसणार नाही. तो एकटा आहे, ती एकटी आहे. दोघांचं उट्टं एका खांद्यात निघालं.

शाओबाईंना सांगायला गेले तर त्या एवढंच म्हणाल्या, "मग आता तरी वर्गाला मन लावशील ना?"

२१ ऑक्टोबर

नवीनच उपद्व्याप. सिग्नेलाही गोंदवून घ्यायचंय. हेच. हीच चार अक्षरं, ह्याच खांद्यावर. "तुझ्यासारखं, आई. पुढे मला मुलगी झाली की तिच्यासाठीही तेच होईल." आस्गरकडे वेळ ठरवलीय पुढच्या शुक्रवारची.

दिवसभर विचार केला. सांगावं का? सांगितलं तर पहिल्यापासून सगळं सांगावं लागेल, आणि ती त्याचा केवढा बाऊ करेल. आणि तसं बघायला गेलं तर शब्दांत वाईट काय आहे? तूही अशीच. शिवी तर नाही. आई आणि मुलीला चालण्यासारखं आहे. शिवाय चिंगवेनच म्हणाली, सदिच्छा म्हणूनही वापरतात. आणि तसंही, इकडे वाचणार कोण?

काही बोलायचं नाही, असं ठरवलं. पोरगी आनंदात आहे, तिला तसंच राहू दे.

२६ ऑक्टोबर

चिंगवेनने सांगितलं तिला! सगळं सांगितलं!

सिग्नेने अक्षरांचा उच्चार शिकायला म्हणून तिला फोन केला होता. दोघी अजून बोलतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि ह्या बाईने म्हणे आधी विचारलं, कशाला हवंय? कातडीवर काढायचंय, असं कळल्यावर म्हणाली, मग मला खोटं बोलता येणार नाही. सराईत शंभर माणसांसमोर बरं बोलता आलं!

सिग्ने फोनवर ओरडली नाही. ओरडली असती तर मी सांभाळून घेतलं असतं. तिने विचारलं, "मी गोंदवून घेतलं असतं तर तू मला सांगितलं असतंस?"

मी म्हटलं, ते आता कशाला, तसं झालंच नाही ना.

"म्हणजे नसतं सांगितलंस."

मग तिने विचारलं, लग्नात तिच्या हातातली फुलं कुठल्या रंगाची होती. हा काय प्रश्न आहे? मी म्हटलं, पांढरी. लग्नात पांढरीच असतात.

तिने फोन ठेवला.

११ नोव्हेंबर

सिग्ने फोन उचलत नाही. यस्पर उचलतो आणि म्हणतो, ती अंघोळ करतेय. कधीही फोन केला तरी ती अंघोळच करत असते.

काल रात्री संत मार्टिनचा सण, घरोघरी बदक भाजतात, मीही भाजलं. एकटीला एक बदक म्हणजे फारच होतं.

लग्नाचे फोटो यस्परच्या आईने पाठवले आहेत. फुलं गडद निळी होती. आता हे इतकं काय लक्षात ठेवायचं? मीही आहे बऱ्याच फोटोंत. प्रत्येक ठिकाणी तिरकी उभी आहे, कुठेतरी दुसरीकडे बघत. सिग्ने मात्र माझ्या खांद्याकडे बघून हसतेय, एकूण एक फोटोत. मी फोटो पाकिटात परत घातले.

२ डिसेंबर

चिंगवेन तलावावर भेटली. आमच्याच शहरात काम मिळालंय तिला. तिकिटाच्या खिडकीशी समोरासमोर आलो. मी तोंड फिरवलं. तिने मान लववून नमस्कार केला आणि म्हणाली, "सिग्नेला थोडा वेळ द्या." माझ्या मुलीबद्दल ही मला सांगणार! मी तिला एक शब्द बोलले नाही. खांदा टॉवेलखाली होता.

वर्ग संपल्यावर पाहिलं तर ती एकटीच पोहत होती, टोकापासून टोकापर्यंत, न थांबता. चांगली पोहते.

१६ डिसेंबर

सिग्नेचा निरोप आला. फोन नाही, नुसता मजकूर, तोही असा कोरडा की वाचताना थंडी वाजावी:

"ख्रिसमसला बाबा आमच्याकडे येणार आहे, कारण तो एकटा आहे. तू येऊ नकोस. बाकी सगळं ठीक. सिग्ने."

तीनदा वाचला. बाबा एकटा आहे! आणि मी कोण आहे? त्याला एकटं कुणी पाडलं, त्यामागे मी काय काय सोसलंय, खांद्याचं हाड अजून थंडीत ठणकतं, ह्याचं काहीच नाही. तो तिथे झाडाभोवती हात धरून गाणी म्हणणार, माझ्या पद्धतीने केलेलं बदक खाणार, खिरीत लपवलेला बदाम आणि त्यावरचं बक्षीस त्यालाच मिळणार, नेहमी मिळतं तसं. आणि मी इथे.

आणि किती थंडपणाने केलंय. राग आला होता तर तेव्हाच बोलायचं, भांडायचं, मोकळं व्हायचं. ते नाही. सात आठवडे तोंड मिटून बसली, दिवस बघून ठेवला, आणि नेमका तो दिवस निवडला जो मला सगळ्यात जास्त लागेल. एका वाक्यात, आरडाओरडा न करता.

इतकं मनात धरून ठेवायची सवय ह्या मुलीला कुठून लागली, देव जाणे.